‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’: कोरोनानंतरचा मेंदू आणि मन

ताप उतरलेला असतो, खोकला थांबलेला असतो, बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९७-९८ दिसत असतं. तरीही वर्षानुवर्षं गल्ल्यावर बसलेल्या दुकानदाराला चार जिनसांची बेरीज तोंडी जमत नाही. वर्गात शिकवताना बाईंचं वाक्य अर्ध्यावर अडतं आणि पुढचा शब्द सापडत नाही. तपासण्या होतात, कधी एमआरआयही होतो आणि डॉक्टर सांगतात, ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, टेन्शन घेऊ नका.’ घरी पोचेपर्यंत त्या वाक्याचा अर्थ ‘सगळे मनाचे खेळ आहेत’ असा झालेला असतो.

२०२०च्या उन्हाळ्यापासून जगभरातले रुग्ण हीच तक्रार घेऊन दवाखान्यांत येत आहेत. मधल्या काळात या प्रश्नावर प्रचंड संशोधन झालं. त्यातलं काही पक्कं आहे, काही कच्चं, आणि काही परस्परांच्या विरोधात जाणारंही आहे. ते सगळं एकत्र वाचल्यावर माझं मत असं झालं आहे की, इथे तीन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. विषाणूने आणि त्याच्याविरुद्ध पेटलेल्या प्रतिकारशक्तीने मेंदूवर केलेला परिणाम ही एक. गंभीर आजारपण आणि त्यावरचे उपचार यांनी केलेला परिणाम ही दुसरी. आणि त्या दोन वर्षांनी, म्हणजे टाळेबंदीने, बुडालेल्या रोजगाराने, निरोप न घेता गेलेल्या माणसांनी केलेला परिणाम ही तिसरी. संशोधकाला या तिन्ही सुट्या कराव्याच लागतात, नाहीतर कशाचं कारण काय हे कळणार नाही. रुग्णाला मात्र त्या सुट्या करून मिळत नाहीत, आणि ‘हे मेंदूचं की मनाचं’ असं विचारत बसलं की नेमका तोच वाऱ्यावर सुटतो.

साथीनंतर मेंदूचे आजार दिसणं नवं नाही. १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ‘मानमोडी’ म्हणून लक्षात राहिली. हिंदुस्थानात तिने एक कोटीहून जास्त बळी घेतले. त्याच सुमारास युरोपात एक विचित्र आजार पसरला. माणसं दिवसचे दिवस झोपून राहत, आणि वाचलेल्यांपैकी कित्येकांना पुढे कंपवातासारखी लक्षणं जडत. व्हिएन्नातले डॉक्टर फॉन इकोनोमो यांनी १९१७मध्ये त्याचं वर्णन केलं. इन्फ्लुएन्झाशी त्याचा संबंध अनेकांनी जोडला, पण तो आजतागायत सिद्ध झालेला नाही. साथीनंतर मेंदूकडे लक्ष ठेवायला हवं आणि दोन गोष्टी एका वेळी घडल्या म्हणून एकीने दुसरी घडवली असं म्हणता येत नाही, हे दुहेरी भान कोरोनाचा विचार करताना लागतं.

कोरोनाच्या बाबतीत पहिली ठोस माहिती वुहानमधून आली. तिथल्या रुग्णालयांतल्या २१४ रुग्णांपैकी ३६.४ टक्क्यांना मज्जासंस्थेशी संबंधित काही ना काही लक्षण होतं. बरेचदा ते चक्कर किंवा डोकेदुखी इतकंच होतं, पण गंभीर रुग्णांमध्ये पक्षाघात आणि बेशुद्धीही होती. २०२०च्या वसंतात न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी पन्नाशीच्या आतल्या पाच रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पाचही जणांच्या मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. त्याच वेळी वास जाणं हे या आजाराचं ओळखीचं लक्षण झालं, आणि नाकातून विषाणू थेट मेंदूत शिरतो की काय अशी भीती पसरली.

ही भीती निराधार नव्हती. नाकाच्या छताशी पोस्टाच्या तिकिटाएवढा ओलसर पापुद्रा असतो. वासाच्या चेतापेशी त्यात असतात. त्यांचे धागे चाळणीसारखी भोकं असलेल्या एका पातळ हाडातून वर जातात आणि थेट मेंदूला भिडतात. बाहेरची हवा आणि मेंदू यांच्यात इतकं कमी अंतर शरीरात दुसरीकडे कुठेही नाही. पण २०२०च्या जुलैत हार्वर्डमधल्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या गटाने दाखवून दिलं की, विषाणूला पेशीत शिरायला जो एसीई-२ नावाचा दरवाजा लागतो तो वासाच्या चेतापेशींवर नाहीच, त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींवर आहे. आधारपेशी कोलमडल्या की चेतापेशींचं कामही ठप्प होतं. आधारपेशी पुन्हा तयार होतात, म्हणून बहुतेकांचा वास काही आठवड्यांत परत आला. ज्यांचा आला नाही, त्यांच्या नाकातल्या त्या पापुद्र्यात प्रतिकारशक्तीच्या पेशी कित्येक महिन्यांनंतरही ठाण मांडून बसल्याचं पुढे अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं.

शवविच्छेदनांनीही साधारण तेच सांगितलं. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात ४१ मृतांचे मेंदू तपासले गेले. प्राणवायूअभावी झालेली इजा आणि दाहाच्या खुणा भरपूर सापडल्या, विषाणू मात्र अगदी थोडा सापडला किंवा सापडलाच नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या तज्ज्ञांना मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या पातळ, गळक्या झालेल्या दिसल्या. याच संस्थेच्या दुसऱ्या एका अभ्यासात ४४ मृतांपैकी काहींच्या मेंदूत विषाणूची जनुकीय सामग्री मिळाली आणि एका रुग्णात ती आजाराच्या सुरुवातीनंतर २३० दिवसांनीही टिकून होती. म्हणजे विषाणू मेंदूत कधीच पोचत नाही असं म्हणता येणार नाही. पण तो तिथे धुमाकूळ घालतो आणि म्हणून डोकं चालत नाही, हे स्पष्टीकरण बहुसंख्य रुग्णांना लागू पडत नाही.

मग शत्रू फुप्फुसात असताना मेंदूत बिघाड कसा होतो? मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. साफसफाई आणि पहारा ही त्यांची कामं. स्टॅनफर्डच्या मिशेल मोन्जे आणि येलच्या अकिको इवासाकी यांच्या गटांनी उंदरांना फक्त श्वसनमार्गापुरता सौम्य संसर्ग दिला. विषाणू मेंदूत गेला नाही, तरीही मायक्रोग्लिया आठवडेच्या आठवडे चवताळलेल्या राहिल्या. स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी तयार होण्याचं प्रमाण घटलं आणि चेतातंतूंवर आवरण चढवणाऱ्या पेशीही कमी झाल्या. मोन्जे यांना हे चित्र ओळखीचं होतं. कॅन्सरच्या केमोथेरपीनंतर रुग्ण विसरभोळेपणाची तक्रार करतात तेव्हा मेंदूत जवळपास असंच घडतं. पुढे २०२४मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी ‘ब्रेन फॉग’ची, म्हणजे डोकं धुकट झाल्याची, तक्रार असलेल्या रुग्णांचे स्कॅन काढले, तेव्हा रक्त आणि मेंदू यांच्यामधला संरक्षक पडदा गळका झालेला आढळला. तशी तक्रार नसलेल्यांमध्ये तो शाबूत होता. नेहमीच्या एमआरआयमध्ये हा गळकेपणा दिसत नाही, त्यासाठी वेगळ्या पद्धतीने स्कॅन काढावा लागतो. ‘रिपोर्ट नॉर्मल’ असतानाही तक्रार खरी कशी असू शकते, याचं इतकं स्वच्छ उत्तर मला दुसरीकडे सापडलं नाही.

रक्ताच्या गुठळ्यांचा धागा वेगळा आहे. ब्रिटनमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या १,८३७ रुग्णांच्या पाठपुराव्यात असं दिसलं की, आजाराच्या ऐन भरात ज्यांच्या रक्तात फायब्रिनोजेन किंवा डी-डायमर जास्त होतं, त्यांना सहा महिन्यांनी आणि वर्षाने विचार करण्यात, लक्षात ठेवण्यात अडचणी येण्याची शक्यता जास्त होती. डी-डायमर हा शब्द आपल्याकडे घराघरांत पोचला होता. रिपोर्टवरचा तो आकडा व्हॉट्सअॅपवर डॉक्टर असलेल्या भाच्याला पाठवला जायचा. सेरोटोनिनचाही एक धागा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३मध्ये मांडलं की, आतड्यात रेंगाळणारा विषाणू आणि त्यामुळे चालू राहणारा दाह यांतून रक्तातलं सेरोटोनिन घटतं आणि त्याचा फटका स्मृतीला बसतो. हे अभ्यास लहान आहेत. हे सगळे धागे एकाच रुग्णात सापडतील असंही नाही. संसर्गानंतर रेंगाळणाऱ्या लक्षणांच्या ‘लाँग कोविड’ या एका नावाखाली बहुधा तीन-चार वेगवेगळे आजार कोंबलेले आहेत असं मला वाटतं, आणि उपचारांच्या चाचण्या फसण्यामागे तेही एक कारण असावं.

माणसांच्या मेंदूवर प्रत्यक्ष किती परिणाम झाला, हे मोजायचं तर आजाराआधीची स्थिती माहीत हवी. ‘यूके बायोबँक’ या ब्रिटिश प्रकल्पाकडे ती होती. साथीपूर्वी हजारो लोकांचे मेंदूचे स्कॅन तिथे काढून ठेवलेले होते. त्यांपैकी ५१ ते ८१ वयोगटातल्या ७८५ जणांना पुन्हा बोलावलं. मधल्या काळात ४०१ जणांना कोरोना होऊन गेला होता, ३८४ जणांना नव्हता. ग्वेनाएल दुओ यांच्या गटाने २०२२च्या मार्चमध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आजारी पडलेल्यांच्या मेंदूत, विशेषतः वास आणि स्मृती यांच्याशी जोडलेल्या भागांत, करडं द्रव्य ०.२ ते २ टक्के जास्त घटलं होतं. या वयात स्मृतीशी निगडित भागांत दर वर्षी साधारण ०.२ ते ०.३ टक्के घट तशीही होतच असते, हे शेजारी ठेवलं की आकड्याचा अंदाज येतो. यातले फक्त १५ जण रुग्णालयात दाखल झाले होते. त्यांना वगळूनही फरक राहिला.

या बातमीचे मथळे ‘कोरोनाने मेंदू आक्रसतो’ असे आले आणि अनेकांची झोप उडाली. त्या मथळ्यांवर माझा आक्षेप आहे. ही सरासरी आहे. प्रत्येकाच्या मेंदूत घट झाली असं ती सांगत नाही, आणि झालेली घट कायमची आहे असंही नाही. शिवाय वास गेल्यामुळे वासाचे भाग वापराअभावी रोडावले असणंही शक्य आहे, आणि तसं असेल तर वास परतल्यावर तेही सावरू शकतात. दुसरीकडे, ‘एक-दोन टक्क्यांनी काय होतंय’ म्हणून ही गोष्ट झटकूनही टाकता येत नाही. इंग्लंडमध्ये १,१२,९६४ लोकांनी दिलेल्या ऑनलाइन चाचण्यांचे निकाल २०२४च्या फेब्रुवारीत आले. सौम्य आजारातून पूर्ण बरे झालेले लोक, कोरोना न झालेल्यांच्या तुलनेत बुद्ध्यंकाच्या सुमारे तीन गुणांइतके मागे होते. ज्यांची लक्षणं रेंगाळत होती ते सहा गुणांनी, आणि आयसीयूत राहून आलेले नऊ गुणांनी. नंतरच्या व्हेरियंटांच्या काळात आणि लस घेतलेल्यांत फरक कमी होता. तीन गुण एका माणसाला जाणवणारही नाहीत. पण कोट्यवधी माणसांच्या समाजात सरासरी तीन गुणांनी सरकली, तर आधीच काठावर असलेले कितीतरी लोक काठाच्या पलीकडे जातात.

दुकानदाराचा ‘रिपोर्ट नॉर्मल’ का येतो, हे कळायला स्मृतिभ्रंशासाठी वापरली जाणारी एक साधी चाचणी जवळून पाहावी. तिचं नाव मोका. डॉक्टर पाच शब्द सांगतात आणि पाचेक मिनिटांनी परत विचारतात. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवणारं घड्याळ काढायला लावतात. १००मधून सात, उरलेल्यातून पुन्हा सात, असं वजा करत जायला सांगतात. शांत खोलीत, दहा मिनिटं, समोर एकच माणूस. ‘ब्रेन फॉग’वाला यात बहुतेक वेळा ३०पैकी २७-२८ गुण मिळवून जातो. त्याची अडचण असते ती गिऱ्हाईक बोलतंय, फोन वाजतोय, पोऱ्या मागून काहीतरी विचारतोय आणि हात सुट्टे मोजतोय अशा वेळी. आणि ती येते दुपारी तीननंतर, थकवा चढला की. ही चाचणी त्या वेळेची नाही. त्यामुळे चाचणी पास झाली म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, एवढं तरी तपासणाऱ्याने मान्य करायला हवं.

आता दुसरी बाजू, जी रुग्णांना आवडत नाही पण टाळता येत नाही. यातलं किती कोरोनाचं आणि किती कुठल्याही मोठ्या आजारपणाचं? डेन्मार्कमध्ये कोरोनाने रुग्णालयात गेलेल्यांची तुलना न्यूमोनिया, हृदयविकाराचा झटका किंवा इतर कारणांनी तितक्याच गंभीर आजारी झालेल्यांशी केली गेली. दीड वर्षाने निरोगी लोकांच्या तुलनेत कोरोनाचे रुग्ण मागे होते, पण इतर गंभीर रुग्णांच्या तुलनेत फारसे नाही. मुलांबाबत इंग्लंडमधल्या मोठ्या अभ्यासात ११ ते १७ वयाच्या, कोरोना झालेल्या मुलांपैकी ६६.५ टक्क्यांना तीन महिन्यांनंतर काहीतरी लक्षण होतं. आकडा धडकी भरवणारा आहे. पण चाचणी निगेटिव्ह आलेल्या मुलांतही तो ५३.३ टक्के होता, आणि मानसिक आरोग्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. मुलं घरात कोंडलेली होती, शाळा बंद होत्या. कोरोना होवो न होवो, थकवा, डोकेदुखी, उदासी दोन्हीकडे होतीच. तुलनागट नसलेला कोणताही आकडा वाचताना हे लक्षात ठेवावं.

आयसीयूमधल्या भ्रमाबद्दल फार कमी लिहिलं गेलं. गंभीर रुग्ण वेळकाळ विसरतो, बरळू लागतो, नळ्या उपटतो, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतो. घरचे म्हणतात, डोक्यावर परिणाम झाला. १४ देशांतल्या ६९ आयसीयूंमधल्या २,०८८ कोरोना रुग्णांच्या अभ्यासात ५४.९ टक्क्यांना हा भ्रम झाला होता. तो वाढवणाऱ्या ज्या गोष्टी माणसाला बदलता येण्याजोग्या होत्या त्या दोन. गुंगीच्या बेन्झोडायझेपिन गटातल्या औषधांचा वापर ही एक, आणि नातेवाइकांना भेटू न देणं ही दुसरी. जिथे घरच्यांची भेट झाली, प्रत्यक्ष किंवा नुसती व्हिडिओ कॉलवर, तिथे भ्रमाचा धोका कमी होता.

एप्रिल २०२१मधल्या आपल्या कोविड वॉर्डाचं चित्र यावर ठेवून पाहावं. रात्र आणि दिवस सारखाच असलेला ट्यूबलाइटचा उजेड, मॉनिटरची टीं-टीं. पीपीई किटमध्ये सगळे एकसारखे, त्यामुळे चेहरा कुणालाच नाही. डॉक्टरांचं नाव किटच्या छातीवर मार्करने लिहिलेलं, पण चष्मा काढून ठेवलेल्या आजोबांना ते वाचता येत नाही. कानातलं यंत्र घरी राहिलेलं. शेजारच्या खाटेवरचा माणूस सकाळी होता, संध्याकाळी नाही, आणि काय झालं हे कुणी सांगत नाही. ज्याचा मेंदू आधीच तापाने आणि प्राणवायूच्या कमतरतेने डळमळलेला आहे, त्याला वास्तवाशी बांधून ठेवणारा प्रत्येक धागा आपण तोडला होता. संसर्गाची भीती खरी होती, परिचारिका आणि डॉक्टर बारा-बारा तास राबत होते, दोष त्यांच्यावर ढकलण्यात अर्थ नाही. पण ज्या वॉर्डांत एखाद्या नर्सने स्वतःचा फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रुग्णासमोर धरला आणि पलीकडून ‘बाबा, मी बोलतेय’ ऐकू आलं, तिथे ती नुसती माणुसकी नव्हती, मेंदूवरचा उपचार होता. पुढच्या साथीच्या नियमावलीत रुग्णाचा चष्मा, श्रवणयंत्र आणि रोजचा एक कॉल या गोष्टी औषधांच्या यादीइतक्या ठळक असाव्यात असं मला कळकळीने वाटतं. आयसीयूतला हा भ्रम डिस्चार्जच्या कागदाबरोबर संपत नाही. दुःस्वप्नं, दचकून उठणं, विसराळूपणा, अंगातली ताकद जाणं, हे सगळं मागे राहतं. कुठल्याही आजारासाठी आयसीयूत राहून आलेल्यांमध्ये हे कोरोनाच्या आधीपासून दिसत आलं आहे.

महाराष्ट्रात दुसऱ्या लाटेत आणखी एक संकट आलं. म्युकरमायकोसिस. ही बुरशी नाकात, सायनसमध्ये रुजते, डोळ्याच्या खोबणीतून सरकत मेंदूपर्यंत जाते. मधुमेह आणि स्टिरॉइड एकत्र आले की तिला रान मोकळं. जुलै २०२१पर्यंत देशात ४५ हजारांहून जास्त रुग्ण नोंदले गेले आणि त्यांत महाराष्ट्र पुढे होता. त्यावरच्या अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनांसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते. जीव वाचवायला डोळा किंवा वरचा जबडा काढावा लागलेली माणसं आज आपल्यात आहेत. त्यांच्या मनाचं काय झालं, हे विचारणारी यंत्रणा मला कुठे दिसत नाही.

कोरोनानंतर नैराश्य, चिंता किंवा आणखी गंभीर मानसिक आजार होतो का, या प्रश्नाचं सर्वांत मोठं उत्तर ऑक्सफर्डच्या माक्सिम ताके आणि पॉल हॅरिसन यांच्या गटाने दिलं. त्यांनी मुख्यतः अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदी वापरल्या. २०२१मध्ये २,३६,३७९ रुग्णांपैकी ३३.६२ टक्क्यांना सहा महिन्यांत मेंदूचं किंवा मनाचं काही निदान झालेलं दिसलं. यातले बरेच जण आधीपासूनचे रुग्ण होते. आयुष्यात पहिल्यांदाच असं निदान झालेले १२.८४ टक्के होते. पुढच्या वर्षी १२ लाख ८० हजारांहून जास्त रुग्णांचा दोन वर्षांचा पाठपुरावा आला. त्यात नैराश्य आणि चिंता यांचा वाढलेला धोका दीड-दोन महिन्यांत खाली आला आणि इतर श्वसनविकार झालेल्यांच्या पातळीला पोचला. मात्र विचारशक्तीतली तूट, स्मृतिभ्रंश, सायकोसिस आणि अपस्मार यांचा धोका दोन वर्षांनंतरही चढाच होता. पासष्टीपुढच्यांमध्ये स्मृतिभ्रंश ४.५ टक्के होता, तर तुलनागटात ३.३ टक्के. चांगली बातमी आणि वाईट बातमी अशी एकाच अभ्यासातून आली. ‘कोरोनानंतर डिप्रेशन येतंच’ असं सरसकट सांगणारे आणि ‘सगळं डिप्रेशनच आहे’ म्हणून वाटेला लावणारे, दोघांनाही या आकड्यांचा आधार नाही.

संसर्ग न होताही मन मोडलेल्यांची संख्या प्रचंड आहे. २०२०मध्ये जगभर तीव्र नैराश्याचे ५ कोटी ३२ लाख आणि चिंताविकाराचे ७ कोटी ६२ लाख जास्तीचे रुग्ण झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मध्ये आला. स्त्रिया आणि तरुण यांना जास्त झळ बसली. भारतात आत्महत्यांची नोंद २०१९मध्ये १,३९,१२३ होती, ती २०२०मध्ये १,५३,०५२ आणि २०२१मध्ये १,६४,०३३ झाली. तिन्ही वर्षी राज्यांत महाराष्ट्र सर्वांत वर होता. २०२१च्या नोंदींत दर चारांत एक जण रोजंदारीवर जगणारा होता. हे विषाणूने मेंदूत काही केल्यामुळे झालं असं म्हणायला आधार नाही. हातावर पोट असलेल्याचं काम बंद पडणं, खासगी रुग्णालयाचं बिल फेडायला काढलेलं कर्ज, जमिनीचा विकलेला तुकडा, यांची नोंद कुठल्याही स्कॅनमध्ये होत नाही. कर्ता माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या बायकांचे प्रश्न घेऊन कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीसारख्या गटांनी राज्यभर काम केलं. वारसा, रेशन कार्ड, सावकार, शाळेची फी, हेच त्यातले मुख्य विषय होते. ज्यांनी नवऱ्याचं तोंडही शेवटचं पाहिलं नाही, ज्यांच्याकडे तेरावा-चौदावा माणसांशिवाय झाला, त्यांच्या दुःखाला वाट मिळालीच नाही. त्यांना गोळी देऊन भागणार नाही, आणि कागदपत्रांचं काम मार्गी लागलं तर झोप थोडी सुधारते, हे त्या क्षेत्रात काम करणारी कुणीही कार्यकर्ती सांगेल.

उपचारांच्या आघाडीवर निराशा बरीच आहे. विषाणू शरीरात रेंगाळत असेल तर पॅक्सलोविड या विषाणूरोधी औषधाचा लांब कोर्स उपयोगी पडेल, या आशेने स्टॅनफर्डमध्ये १५ दिवस ते देऊन पाहिलं. फायदा दिसला नाही. ‘ब्रेन फॉग’वर मान्यता मिळालेलं औषध आज एकही नाही, त्यामुळे महागडी इंजेक्शनं, सप्लिमेंट्स आणि ‘डिटॉक्स’ विकणाऱ्यांपासून सावध राहावं. काही गोष्टींचा मात्र उपयोग दिसला आहे. ब्रिटनमध्ये रुग्णालयातून परतलेल्या ५८५ जणांच्या चाचणीत, व्यायाम आणि मानसिक आधार यांचा आठ आठवड्यांचा ऑनलाइन गटकार्यक्रम घेतलेल्यांचं जगणं वर्षभरानंतरही थोडं सुधारलेलं होतं. श्रमानंतर दुसऱ्या दिवशी कोसळणाऱ्या रुग्णाला मात्र ‘चाला, पळा, उठा’ म्हणणं घातक ठरतं. त्याला दिवसाची शक्ती मोजून वापरायला शिकवावं लागतं. गेलेल्या वासासाठी गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी रोज दोनदा, लक्ष देऊन, काही महिने हुंगण्याची पद्धत जर्मनीतल्या थॉमस हुमेल यांनी कोरोनाच्या कितीतरी आधी रुजवली होती. ती निरुपद्रवी आहे आणि आपल्या स्वयंपाकघरात जवळपास फुकट आहे. लशीचा फायदाही स्पष्ट दिसतो. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींत सुरुवातीच्या काळात लस नसलेल्या शंभरांपैकी दहाहून थोड्या अधिक जणांना वर्षभरात लाँग कोविड झाला होता. ओमायक्रॉनच्या काळात लस घेतलेल्यांत तो शंभरांत साडेतीनवर आला.

आपल्याकडच्या डॉक्टरांनी आणखी एक करावं. कोरोनानंतरच्या विसरभोळेपणाला लाँग कोविडचा शिक्का मारण्याआधी बी-१२, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आणि झोप तपासावी. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता सर्रास असते आणि ती डोकं असंच जड करते. नैराश्यही एकाग्रता घालवतं आणि त्यावर उपचार आहेत. या तपासण्या म्हणजे तक्रार उडवून लावण्याचा मार्ग नव्हे. ज्याचा इलाज हातात आहे ते आधी दुरुस्त होतं, एवढंच.

आता सगळ्यात लांबचा प्रश्न. २०२५च्या सुरुवातीला यूके बायोबँकेच्याच रक्तनमुन्यांवरून असं दिसलं की, कोरोना होऊन गेलेल्यांच्या रक्तातली अमायलॉइड प्रथिनं अल्झायमरमध्ये बदलतात त्याच दिशेने किंचित बदलली आहेत. वयस्कांत आणि रुग्णालयात राहिलेल्यांत हा बदल जास्त होता. याचा अर्थ त्यांना अल्झायमर होणारच असा नाही. पण दहा-पंधरा वर्षं लक्ष ठेवावं लागेल, हे नक्की.

लक्ष ठेवायचं तर आधीची नोंद हवी, आणि इथे आपण उघडे पडतो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना मानसिक विकार आढळला, आणि उपचार न मिळालेल्यांचं प्रमाण विकारागणिक ७० ते ९२ टक्के निघालं. पण ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. तुलनागट जमवणंही आपल्याकडे अवघड आहे. २०२०च्या जुलै-ऑगस्टमध्येच पुण्यातल्या पाच प्रभागांत तपासलेल्या निम्म्या लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली होती. ‘मला झालाच नाही’ म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना तो नकळत होऊन गेला, कोण सांगणार?

तरी महाराष्ट्राचे हात अगदी रिकामे नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३मध्ये जवळच्या सहा गावांत गरोदर मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. त्या मातांची मुलं जन्मापासून मोजली, तपासली गेली आहेत. त्यांतल्या काहींच्या नवव्या वर्षी स्मरण आणि एकाग्रतेच्या चाचण्याही झाल्या, आणि त्यांचा संबंध आईच्या बी-१२शी लावून पाहिला गेला. ती मुलं आता तिशीची आहेत. पुणे जिल्ह्यातच वढू परिसरातल्या २२ गावांत २००२पासून घरोघरच्या जन्म-मृत्यू-आजारांची नोंद ठेवली जाते. या गावांत लोक संशोधकांना ओळखतात, दार उघडतात, रक्त देतात. तिथल्या साठीपुढच्या माणसांची स्मृती दर दोन वर्षांनी, मराठीत, त्यांच्या शेतीच्या आणि बाजाराच्या हिशेबांतून तपासायला फार मोठा निधी लागणार नाही. त्यासाठी २०३५ची वाट पाहून चालणार नाही, कारण तेव्हा मागे जाऊन आजची नोंद करता येत नाही.